शस्त्रनिर्यातीचा हिशेब मागताना : बडोद्यातील लहान गटासाठी कार्यपद्धती

शस्त्रव्यापाराच्या विरोधात काही करावे असे वाटणाऱ्या बडोदेकरांची अडचण बहुधा एकच असते. विषय साऱ्या जगाचा आणि हाताशी मात्र चारपाच माणसे, कोणाच्या तरी घरचा दिवाणखाना आणि रविवारची सकाळ. अशा गटाने "युद्ध नको" असा फलक घेऊन सुरसागरच्या काठी उभे राहायचे ठरवले, तर येणारेजाणारे मान डोलावतील आणि पुढे जातील, कारण युद्ध हवे असे म्हणणारा त्यांच्यात क्वचितच कोणी असेल. म्हणून प्रस्तुत लेखाचा भर त्याहून अरुंद, पण उत्तर देणे भाग पडेल अशा प्रश्नावर आहे : आपल्या देशातून बाहेर जाणारे शस्त्र कोणाला विकले गेले, ते तेथे कोणावर चालवले जाईल याची छाननी कोणी केली, आणि त्या छाननीचा हिशेब संसदेपुढे का येत नाही?

हा प्रश्न भारतात आजच विचारण्याचे कारण आकड्यांत आहे. संरक्षण मंत्रालयाने जाहीर केल्याप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशाची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपये होती; २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटी रुपयांवर पोहोचली आणि त्यातील १५,२३३ कोटी खासगी कंपन्यांचे होते. २०२९ पर्यंत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट सरकारने ठरवले आहे. आजवर आपण स्वतःला केवळ गिऱ्हाईक समजत आलो. आता आपण दुकानदारही झालो आहोत, आणि दुकानदाराला विचारायचे प्रश्न वेगळे असतात.

पहिली पायरी : मागणी एका वाक्यात बसवणे

गट जमला की पहिल्या दोन बैठका केवळ मागणीचे वाक्य ठरवण्यात घालवाव्यात. या कामाचा कंटाळा येतो, परंतु ते टाळले तर पुढे प्रत्येक पत्रकावर वाद होतो. एकाला अण्वस्त्रे नकोत, दुसऱ्याला एका विशिष्ट देशाशी व्यवहार नको, तिसऱ्याला लष्करच नको, आणि चौथा केवळ भ्रष्टाचारावर बोलू इच्छितो. ही सगळी मते बाळगण्यास कोणाची हरकत नसावी. पण गटाच्या नावाने मांडायची मागणी एकच असावी. उदाहरणार्थ : "दिलेल्या आणि नाकारलेल्या शस्त्रनिर्यात परवान्यांचा देशवार वार्षिक अहवाल सरकारने संसदेत मांडावा, आणि आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचा गंभीर भंग होण्याचा धोका स्पष्ट असेल तेथे परवाना नाकारावा." या वाक्यात सैन्याला विरोध नाही, कारखान्याला विरोध नाही, कोणत्याही पक्षाचे नाव नाही, तरीही ते मान्य झाले तर व्यवहाराची रीत बदलते.

वाक्याच्या दुसऱ्या भागाचा आधार परदेशी आहे असा आक्षेप हमखास येईल, आणि त्याचा रोख पुढील करारावर असेल. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ एप्रिल २०१३ रोजी शस्त्रव्यापार करार संमत केला. बाजूने १५४ मते पडली, विरोधात इराण, उत्तर कोरिया आणि सीरिया ही तीन, आणि तटस्थ राहिलेल्या २३ देशांत भारत होता. करार २४ डिसेंबर २०१४ रोजी अमलात आला. भारत अद्याप त्यात सामील नाही. भारताची तेव्हाची तक्रार अशी होती की करारात निर्यातदारांचे पारडे जड असून आयातदार देशावर एकतर्फी दडपण आणण्याची सोय त्यांना मिळते, आणि दहशतवादी गटांच्या बाबतीत मसुदा दुबळा आहे. ही तक्रार उडवून लावू नये, कारण ती अगदीच निराधार नव्हती. तथापि ती खरेदीदाराची तक्रार होती. विक्रेता म्हणून भारताची भूमिका काय, हे विचारण्यास त्यामुळे बाध येत नाही. शिवाय युद्धातही पाळायचे मानवतेचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांना भारत बांधलेला आहे, त्यासाठी संसदेने १९६० मध्ये स्वतंत्र कायदाही केलेला आहे. तेव्हा मागणीचा आधार शक्यतो याच घरच्या कायद्यांत दाखवावा.

दुसरी पायरी : आकडे कोठे मिळतात आणि ते कसे फसवतात

तीन ठिकाणे पुरेशी आहेत. पहिले स्टॉकहोम येथील सिप्री ही शांतता-संशोधन संस्था, जिची स्थापना १९६६ मध्ये झाली आणि जिच्या खुल्या माहितीसाठ्यात १९५० पासूनचे मोठ्या शस्त्रांचे व्यवहार नोंदलेले आहेत. तेथे २०२०-२४ या काळात जगातील निर्यातीत अमेरिकेचा वाटा ४३ टक्के, आणि आयातदारांत युक्रेनखालोखाल भारत दुसरा, असे दिसते. येथे एक सावधगिरी हवी. सिप्रीचा आकडा पैशांत नसतो. शस्त्राची लष्करी क्षमता मोजण्याचे ते एक ठरावीक परिमाण आहे, त्यामुळे त्यापुढे डॉलर किंवा रुपये लिहिणे चूक ठरते. तसेच बंदुका, पिस्तुले आणि त्यांची काडतुसे त्यात जवळजवळ धरलेलीच नसतात.

दुसरे ठिकाण म्हणजे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाचा आयात-निर्यात माहितीकोश. सीमाशुल्काच्या वर्गवारीतील प्रकरण ९३ हे शस्त्रे आणि दारूगोळ्याचे. त्यातील ९३०६ या शीर्षकाखाली बाँब, सुरुंग, क्षेपणास्त्रे आणि काडतुसे येतात. वर्ष आणि वस्तू निवडली की देशवार रक्कम समोर येते. पण रणगाडे ८७१० मध्ये, युद्धनौका ८९०६ मध्ये, आणि विमाने व त्यांचे भाग प्रकरण ८८ मध्ये नागरी विमानांसोबतच मोजले जातात. म्हणून या कोशातील बेरीज आणि संरक्षण मंत्रालयाचा आकडा यांचा मेळ बसत नाही, आणि त्या तफावतीवरून "एवढे कोटी लपवले" असे पत्रक काढणारा गट पहिल्याच पत्रकार परिषदेत तोंडघशी पडतो. तिसरे ठिकाण लोकसभा आणि राज्यसभेतील जुनी प्रश्नोत्तरे. ती संसदेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मंत्र्यांनी आधीच दिलेल्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख हाती असली की पुढच्या अर्जाला वजन येते.

गटातील एकाने, केवळ एकानेच, आकड्यांची वही सांभाळावी. प्रत्येक आकड्यापुढे तो कोठून घेतला, कोणत्या तारखेला पाहिला आणि तो रुपयांत आहे की अन्य परिमाणात, एवढे तीन रकाने असावेत.

तिसरी पायरी : परवाना कोण देतो

भारतात लष्करी, तसेच नागरी आणि लष्करी अशा दुहेरी उपयोगाच्या, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादी 'स्कोमेट' या नावाने ओळखली जाते, आणि तिचा कायदेशीर आधार १९९२ चा विदेश व्यापार कायदा व २००५ चा सामूहिक संहाराच्या अस्त्रांविषयीचा कायदा यांत आहे. या यादीतील सहावा वर्ग खास शस्त्रसामग्रीचा असून त्याची निर्यात-परवानगी संरक्षण मंत्रालयाचा संरक्षण उत्पादन विभाग देतो; उरलेल्या बहुतेक वर्गांसाठी विदेश व्यापार महासंचालनालय. या महासंचालनालयाचे प्रादेशिक कार्यालय बडोद्यात आहे, पण स्कोमेटचे निर्णय दिल्लीतच होतात. तेथील खिडकीवर जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही. २०१९ पासून ठरावीक देशांना ठरावीक वस्तू, मुख्यतः सुटे भाग, प्रत्येक वेळी नवा अर्ज न करता पाठवण्याचा खुला सर्वसाधारण परवानाही मिळतो.

या साऱ्या व्यवस्थेचा कणा एका कागदात आहे, तो म्हणजे अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र. माल कोणासाठी आहे आणि तो तिसऱ्याला दिला जाणार नाही, अशी हमी खरेदीदार त्यात देतो. या कागदाची किंमत काय असू शकते हे भारताने स्वतः अनुभवले आहे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात विमानातून शस्त्रांच्या पेट्या टाकल्या गेल्या. बल्गेरियातून घेतलेल्या त्या मालाच्या कागदपत्रांवर अंतिम वापरकर्ता म्हणून बांगलादेशाचे नाव होते. "शस्त्रांची कागदपत्रे तपासा, हे काय परदेशी खूळ?" असे कोणी म्हणाल्यास पुरुलियाची आठवण करून द्यावी.

चौथी पायरी : माहितीच्या अधिकाराचा अर्ज

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि ती घाईने उरकली तर सहा महिने वाया जातात. केंद्रीय खात्याकडे अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क १० रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही माफ. भाषेची एक बारीक अट बडोद्यातील मराठी माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही : कायद्याप्रमाणे अर्ज हिंदीत, इंग्रजीत किंवा अर्ज जेथून केला जातो तेथील राजभाषेत असावा लागतो. गुजरातमधून केलेला अर्ज मराठीत पाठवणे म्हणजे तो परत येण्याची सोय करून ठेवणे; तो हिंदीत लिहावा. लांबी साधारणपणे ५०० शब्दांच्या आत ठेवावी. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही, म्हणून अर्जात भूमिका मांडू नये, निषेध नोंदवू नये, 'का' असा प्रश्नही घालू नये. मत मागणाऱ्या प्रश्नाला अधिकारी एका ओळीत वाटेला लावतो.

संरक्षण उत्पादन विभागाकडे विचारण्याजोगे प्रश्न असे : अमुक आर्थिक वर्षात सहाव्या वर्गाखाली देशवार किती परवाने दिले, किती अर्ज नाकारले, माल पोहोचल्यानंतर त्याचा वापर ठरल्याप्रमाणे होतो आहे की नाही याची प्रत्यक्ष पडताळणी किती प्रकरणांत केली, आणि परवाना देताना वापरली जाणारी, सध्या लागू असलेली कार्यपद्धती कोणत्या दिनांकाची आहे, तिची प्रत मिळावी. यात कंपनीचे नाव नाही, किंमत नाही, शस्त्राचा तपशील नाही. ही गाळणी मुद्दाम केलेली आहे. नावे आणि किमती मागितल्या की व्यापारी गुपिताचे कलम ८(१)(घ) पुढे येते, आणि तपशील मागितला की सुरक्षेचे कलम ८(१)(क).

तीस दिवसांत उत्तर यावे. बहुधा पहिले उत्तर नकाराचेच येते, त्यात सुरक्षेचे कलम उद्धृत केलेले असते आणि कारण मात्र दिलेले नसते. निराश होण्याचे कारण नाही, कारण पहिले अपील तेथूनच उभे राहते. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत ते त्याच विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करावे आणि त्यात तीन मुद्दे मांडावेत : कलम १० नुसार गोपनीय भाग वगळून उरलेला भाग देणे बंधनकारक आहे, कलम ८(२) नुसार सार्वजनिक हित मोठे असेल तर अपवादातील माहितीही देता येते, आणि कलम १९(५) नुसार नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर आहे. त्यानंतर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. तेथे प्रतीक्षा लांबते, म्हणून दरम्यान पुढच्या वर्षाचा अर्ज टाकून ठेवावा. संरक्षण संशोधन व विकास संघटना म्हणजे डीआरडीओ या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने तिच्याकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

पाचवी पायरी : कारखान्यातील माणसांशी बोलणे

बडोद्यात हा विषय काढला की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम सी-२९५ विमाने येतात. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी येथील टाटा-एअरबस संकुलाचे उद्घाटन भारत आणि स्पेनच्या पंतप्रधानांनी केले. ५६ विमानांपैकी १६ स्पेनमधून आणि ४० बडोद्यातून, असा तो करार आहे. माझे स्पष्ट मत असे की त्या फाटकावर मोर्चा नेणे ही मोठी चूक ठरेल. ही वाहतुकीची विमाने आपल्याच हवाई दलासाठी आहेत, आपल्या मागणीचा विषय निर्यात-परवाना आहे, आणि शहराला ज्या गोष्टीचा अभिमान वाटतो तिच्यावर प्रथम बोट ठेवणाऱ्याचे पुढचे कोणी ऐकून घेत नाही.

खरे संभाषण मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे जीआयडीसीत, व्हायला हवे. तेथील लहान शेडमध्ये सीएनसी यंत्रावर उभा असलेला टर्नर एखादा बुश किंवा फ्लँज काढतो तेव्हा त्याच्या हाती असलेल्या ड्रॉइंगवर पार्ट नंबर, माप आणि टॉलरन्स एवढेच असते. जॉबवर्क देणारा कोण हे मालकाला ठाऊक असते. त्याच्या पुढचा कोण, हे पुष्कळदा त्यालाही नाही. तोच भाग पंपात बसेल किंवा तोफेच्या गाड्यात. अशा माणसाला "तुम्ही मृत्यूचा धंदा करता" असे सुनावणे अन्यायाचे आहे, आणि चळवळीच्या दृष्टीने मूर्खपणाचेही. त्याच्या घरी गणपतीत आपण आरतीला जातो. त्याच्या कर्जाचा हप्ता आपल्याला माहीत असतो. त्याच्याशी बोलताना पगाराचा विषय आपणच आधी काढावा, आणि मागणी परवान्याच्या छाननीची आहे, काम बंद पाडण्याची नाही, हे दोनदा सांगावे.

आतल्या माणसामुळे काय घडू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण भारतीयांच्या परिचयाच्या नावाशीच जोडलेले आहे. बोफोर्सची आठवण आपल्याकडे दलालीपुरती उरली आहे : मार्च १९८६ चा ४१० तोफांचा करार आणि १६ एप्रिल १९८७ ची स्वीडिश रेडिओवरील बातमी. पण त्याआधी, १९८४ मध्ये, स्वीडनमधील १८८३ साली स्थापन झालेल्या शांतता संघटनेने त्याच कंपनीविरुद्ध पोलिसांकडे तक्रार केली होती. आरोप असा की रोबोट ७० ही क्षेपणास्त्रे सिंगापूरच्या नावावर दाखवून दुबई आणि बहारीनला पाठवली गेली. माहिती देणारे इंग्वार ब्रात हे कंपनीतील अभियंते होते, आणि पुढे त्यांनी स्वतःच आपली ओळख उघड केली. कारखान्याच्या आधारावर जगणाऱ्या गावात हे करणे किती जड गेले असेल याची कल्पना आपल्या शहरातल्या कोणालाही करता येईल.

तथापि हे उदाहरण सांगून बडोद्यातील कामगाराकडे ड्रॉइंग किंवा डिस्पॅचचे कागद मागण्याचा मोह कोणी धरू नये. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा येथे लागू आहे आणि त्याची झळ कागद देणाऱ्यालाही बसते, घेणाऱ्यालाही. कोणी आपण होऊन कागद आणून दिले तर ते घरी ठेवून न घेता आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

गोदी कामगारांची उदाहरणे सभेत जरूर सांगावीत. एप्रिल २००८ मध्ये झिंबाब्वेसाठी ७७ टन शस्त्रसामग्री घेऊन आलेले 'आन युए जियांग' या चिनी जहाजावरील माल उतरवून घेण्यास दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या कामगारांनी नकार दिला. तेथील बिशप न्यायालयात गेले, वाहतुकीला मनाई मिळाली आणि जहाज माल न उतरवता निघून गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतातील जलवाहतूक कामगार महासंघाने इस्रायलसाठीची शस्त्रे हाताळणार नाही असे ११ बंदरांतील सुमारे ३,५०० सदस्यांच्या वतीने जाहीर केले. परंतु बडोदा बंदर नाही, आणि संघटित कामगारांनी घेतलेला निर्णय बाहेरच्या गटाने त्यांच्या तोंडी घालायचा नसतो.

सहावी पायरी : न्यायालयाआधी संसद

पुष्कळांना जनहित याचिकेची घाई असते. इस्रायलला शस्त्रे निर्यात करणाऱ्या कंपन्यांचे परवाने रद्द करावेत अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी फेटाळली, आणि परराष्ट्र धोरणाच्या क्षेत्रात न्यायालय शिरणार नाही असे सांगितले. हा अनुभव ताजा असताना पुन्हा तेच दार ठोठावण्यापेक्षा ज्यांच्याकडे तो अधिकार आहे त्यांच्याकडे जाणे श्रेयस्कर.

बडोद्याचा लोकसभेत एक खासदार आणि गुजरातचे राज्यसभेत अकरा सदस्य आहेत. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि ते कायमचे नोंदले जाते; आपल्याला तेच हवे आहे. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागत असल्याने अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच भेटीची वेळ मागावी. भेटीला तिघांहून अधिक जाऊ नये, त्यात एक निवृत्त शिक्षक किंवा माजी सैनिक असावा, आणि प्रश्नाचा मसुदा संसदीय भाषेत आपणच टंकून न्यावा. सत्तारूढ पक्षाचा सदस्य हा प्रश्न विचारणार नाही असे गृहीत धरून भेट टाळू नये, "निर्यात वाढते आहे, तर तिची पडताळणीही वाढली का?" हा प्रश्न त्यालाही विचारता येतो.

नोंदणीकृत कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर असतात. एक समभाग घेतला तरी वार्षिक सर्वसाधारण सभेत, जी बहुधा सप्टेंबरअखेरपर्यंत होते, बोलण्यासाठी नाव नोंदवता येते. ठराव मांडण्यासाठी मात्र दहा टक्के मताधिकार लागतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

रस्ता, पैसा आणि छायाचित्रे

उघड्यावर कार्यक्रम करायचा तर पोलीस आयुक्तालयाकडे आधी लेखी अर्ज गुजरातीत करावा आणि पोच घ्यावी. गुजरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली किंवा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १४४ च्या जागी आलेल्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली चारहून अधिक लोकांच्या जमावाला मनाई असू शकते, तेव्हा त्या आठवड्याची अधिसूचना पाहून मगच पत्रक छापावे. परवानगी नाकारली तर सभा सभागृहात घ्यावी. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील एखाद्या मराठी संस्थेच्या सभागृहात चाळीस माणसांपुढे आकड्यांची वही उघडून बसणे हे फलकांच्या रांगेपेक्षा अधिक उपयोगी पडते. पत्रक मात्र मराठीबरोबर गुजरातीतही हवेच. केवळ आपल्या वाड्यापुरती चळवळ शहराची होत नाही. फलकांसाठी विद्यापीठाच्या ललित कला शाखेतील मुलांना बोलवावे; रक्त आणि कवट्या काढू नयेत एवढी एकच अट त्यांना घालावी. जुन्या पिढीतील श्रोते असतील तर विनोबांचे शालेय शिक्षण याच शहरात झाले, याचा उल्लेख चर्चेला चांगली सुरुवात करून देतो.

परदेशी संघटनांशी माहितीची देवघेव जरूर करावी, परंतु पैसा किंवा वस्तू यांपैकी काहीही स्वीकारू नये. २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी नसताना घेतलेली छोटी रक्कमही सारे काम बुडवू शकते. वर्गणी शंभर-दोनशे रुपयांची, पावतीसह आणि सभासदांकडूनच घ्यावी. हवाई दलाची केंद्रे, विमान संकुल किंवा संरक्षण उत्पादनाचे कारखाने यांची छायाचित्रे काढू नयेत, ड्रोन तर अजिबात उडवू नये. व्हॉट्सॲपच्या गटावर ऐकीव माहितीने कंपन्यांची नावे फिरू लागली की ती तत्काळ पुसावीत, कारण बदनामीचा दावा आपल्याला परवडणारा नाही.

वर्षाचे वेळापत्रक साधारणपणे असे बसते. मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपते, म्हणून माहितीचा अर्ज जूनमध्ये. त्याचे उत्तर किंवा नकार हाती घेऊन पावसाळी अधिवेशनासाठी खासदारांची भेट. गणेशोत्सवाच्या गर्दीत काही न करता ऑक्टोबरात सभा. आणि हिवाळी अधिवेशनातील उत्तर जोडून एक चार पानी निवेदन. ते निवेदन जानेवारीअखेर संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या सचिवालयास पाठवावे, कारण अर्थसंकल्पानंतर हीच समिती मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांची छाननी करते, आणि समितीच्या अहवालात आपल्या प्रश्नाची एक ओळ आली तरी मंत्रालयाला त्यावर केलेल्या कार्यवाहीचे उत्तर लेखी द्यावे लागते.